वाद्यांची गाडी आणि रशियन भाषा

इंग्रजी भाषेंत 'टु जंप ऑन द बँडवॅगन' असा एक वाक्प्रचार आहे. वर्तमानपत्रांत तो वारंवार आढळतो, आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांच्या वाचनांत तो केव्हांना केव्हां येतोच. त्याचा शब्दशः अर्थ 'वाजंत्र्यांच्या गाडीवर उडी मारणें' असा आहे. लाक्षणिक अर्थ असा कीं, एखाद्या पक्षाची, मताची किंवा चालीची सरशी होत आहे असें दिसूं लागल्यावर आपणही त्यांत जाऊन मिळणें. हा वाक्प्रचार रशियन मनुष्यास समजावून देणें व त्याचें रशियन भाषेंत भाषांतर करणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. त्यांत चूक झाली तर केवळ भाषा बिघडते असें नव्हे. ज्या माणसाविषयीं तें वाक्य लिहिलें असेल त्यास नसलेला दोष चिकटतो, अथवा असलेला दोष धुवून निघतो. म्हणून या एकाच वाक्प्रचाराचा प्रवास थोडा बारकाईनें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. रशियन भाषाच कां, असें कोणी विचारील. इंग्रजी जशी आम्हांस परकी तशीच ती रशियन लोकांसही परकी आहे. आणि ज्या खड्ड्यांत आपला पाय रोज जातो त्यांत दुसऱ्याचा पाय जातांना पाहिला म्हणजे त्या खड्ड्याची खोली नीट कळते.

प्रथम ही गाडी कोठून आली तें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत सर्कशी गांवोगांव फिरत असत. सर्कस गांवांत आली म्हणजे खेळापूर्वीं भर रस्त्यानें तिची मिरवणूक निघे. तींत कोरीव कामानें व सोनेरी रंगानें नटविलेली एक उंच गाडी असे, आणि त्या गाडींत वाजंत्री बसून मोठमोठ्यानें वाद्यें वाजवीत. घोड्यांच्या जोड्यांमागून जोड्या तिला जुंपीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं बार्नम आणि बेली यांच्या सर्कशीनें तर अशा एका गाडीला चाळीस घोडे जुंपले होते. हीच ती बँडवॅगन. सर्कशीचा प्रसिद्ध चालक फिनिअस बार्नम यानें १८५५ सालीं छापलेल्या आपल्या आत्मचरित्रांत हा शब्द आलेला आहे. पुढें निवडणुकीचे उमेदवारही वाजतगाजत गाड्यांतून फिरूं लागले. आणि ज्याची सरशी होण्याचा रंग दिसे त्याच्या गाडीवर गांवांतील लहानमोठे पुढारी लगबगीनें चढून बसत, म्हणजे हा होणारा विजयी पुरुष आपल्या घरोब्यांतला आहे हें चार लोकांस दिसावें. शतक संपतां संपतां हा शब्द अमेरिकेच्या राजकारणांत चांगला रुळला होता. थिओडोर रूझवेल्ट यानें १८९९ सालच्या एका पत्रांत तो लाक्षणिक अर्थानेंच योजिला आहे.

या इतिहासावरून वाक्प्रचाराच्या पोटांत काय काय भरलें आहे तें उघड होतें. गाडी अगोदरच चालू लागलेली आहे. ती चालविण्याचे श्रम दुसऱ्यांनीं केले आहेत. तिच्यावर बसण्यांत धोका नाहीं, उलट शोभा आहे. आणि चढणारा मनुष्य उशिरां, पण नेमक्या वेळीं आला आहे. बोलणाराच्या ओठांवर किंचित् हसूं आहे. तें शिवी देणाऱ्याचें हसूं नव्हे. 'आम्ही ओळखलें बरें का तुम्हांला' असें म्हणणाऱ्याचें तें हसूं आहे.

आतां हा शब्द रशियन विद्यार्थ्यानें प्रथमच वाचला अशी कल्पना करा. त्याच्या भाषेंत 'बांदा' असा शब्द आहे आणि 'वागोन' असाही आहे. पैकीं 'बांदा' म्हणजे लुटारूंची टोळी, आणि 'वागोन' म्हणजे आगगाडीचा डबा! तेव्हां कोश न उघडतां तो अर्थ लावूं लागला तर दरोडेखोरांनीं भरलेल्या आगगाडीच्या डब्यांत कोणी तरी उडी मारीत आहे, असें चमत्कारिक चित्र त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहील. गंमत अशी कीं, हे शब्द अगदींच परके नाहींत. रशियन 'वागोन' हा मूळचा इंग्रजीच शब्द, युरोपांतील दुसऱ्या भाषांच्या वाटेनें रशियांत गेलेला आहे; परंतु तेथें गेल्यावर त्यानें बैलघोड्यांची संगत सोडून रुळांची धरली. शब्दांची अशी नातीं विद्यार्थ्यांस फार फसवितात. अगदीं अनोळखी शब्द आला तर मनुष्य कोश उघडतो. ओळखीचा चेहरा दिसला म्हणजे तो विचारपूस करीत नाहीं.

बरें, कोश उघडून 'वाजंत्र्यांची गाडी' असा खरा अर्थ त्यास कळला, तरी पुढें काय? तें चित्र त्याच्या मनांत कांहींच हलवीत नाहीं. रशियांतील नांवाजलेल्या सर्कशी पक्क्या इमारतींत भरत; सेंट पीटर्सबर्ग येथें फोंतांका नदीच्या कांठीं चिनिझेल्ली यानें १८७७ सालीं बांधलेली सर्कस, व मॉस्को येथें सालामोन्स्की यानें १८८० सालीं उघडलेली सर्कस, या तशाच होत. जत्रांतून फिरणारे खेळ तेथेंही होते. पण सोनेरी गाडीवरची वाद्यें आणि निवडणूक यांची जी सांगड अमेरिकेंत पडली ती तेथें पडण्याचें कारण नव्हतें. सबंध देशाच्या वतीनें निवडलेली सभा, म्हणजे त्यांची दूमा, १९०६ सालीं प्रथम बसली. तोंपर्यंत उमेदवारांच्या मिरवणुकी कोण काढणार? म्हणून गाडीचें शब्दशः भाषांतर केलें तर रशियन वाचक थबकतो, आणि मग तळटीप द्यावी लागते. ज्या विनोदाला तळटीप लागते तो विनोद तेथेंच संपला.

यावर शहाणा भाषांतरकार म्हणेल कीं, गाडी सोडून द्यावी व अर्थ घ्यावा. तेंच योग्य आहे. परंतु अर्थ म्हणजे कोणता? एक उदाहरण घेऊं. समजा, एका इंग्रजी पत्रांत अशी हकीकत आली आहे कीं, एका लहान शहरांत पांच शिक्षकांनीं दोन वर्षें दारोदार हिंडून मोफत वाचनालयासाठीं वर्गणी जमविली. आरंभीं त्यांस कोणी उभें करून घेईना. पुढें इमारतीचा पाया भरला, कोनशिला बसविण्यास नगराध्यक्ष येणार असें जाहीर झालें, आणि मग शहरांतले व्यापारी बँडवॅगनवर चढले. हें शेवटचें वाक्य रशियन भाषेंत कसें न्यावें?

सामील होणें या अर्थाचीं रशियन क्रियापदें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या आरंभीं 'प्रि' हा उपसर्ग असतो. 'जवळ जाऊन लागणें' असा त्याचा भाव आहे. पण त्याच्या पुढें कोणता धातू येतो यावर सारें अवलंबून आहे. 'प्रिसयेदिनीत्सा' या क्रियापदाच्या पोटांत 'एक' या अर्थाचा शब्द आहे. म्हणून त्याचा भाव 'येऊन एक होणें' असा, स्वच्छ व सन्मानाचा. व्यापारी शिक्षकांशीं 'प्रिसयेदिनीत्सा' झाले असें लिहिलें तर रशियन वाचकास वाटेल कीं, काय उदार मनाचे हे व्यापारी! वार्ताहराचें हसूं पार पुसलें गेलें, आणि त्याबरोबर शिक्षकांचीं तीं दोन वर्षेंही. दुसरें क्रियापद 'प्रिमाझात्सा'. यांत माखणें, फासणें या अर्थाचा धातू आहे; रशियन भाषेंत तेल व लोणी यांस जो 'मास्लो' शब्द आहे तो याच धातूपासून झालेला. स्वतःस दुसऱ्याच्या अंगाला फासून घेणें, म्हणजे लाभासाठीं निलाजरेपणें चिकटणें, असा त्याचा अर्थ होतो. हा शब्द घातला तर त्या व्यापाऱ्यांच्या तोंडास काळें लागलेंच. पण त्यांनीं उशिरां कां होईना, पदरचे पैसे दिले असतील. वाचनालयाचीं कपाटें त्यांच्या पैशांनींच भरलीं असतील. इंग्रजी लेखकानें त्यांस लुच्चे म्हटलेलें नाहीं. मग भाषांतरकारानें तें कोणत्या अधिकारानें म्हणावें?

तिसरें क्रियापद 'प्रिम्क्नूत्'. बंदुकीला संगीन चढवितात त्या क्रियेस रशियन भाषेंत हेंच क्रियापद लावतात. एखाद्या पक्षास किंवा चळवळीस जाऊन मिळणें, असा त्याचा रूढ अर्थ आहे. त्यांत स्तुति नाहीं आणि निंदाही नाहीं. आमच्या मतें वरच्या वाक्यास हेंच बरें. मात्र तें एकटें सोडूं नये. 'यश निश्चित झाल्यावर' अशा अर्थाचे दोन शब्द त्याच्या शेजारीं ठेवावे. बँडवॅगनवर चढणाऱ्याचा जो कांहीं अपराध आहे तो सामील होण्यांत नाहीं, वेळेंत आहे. गाडी गेली, घोडे गेले, वाद्यें गेलीं तरी हरकत नाहीं. वेळ तेवढी वाक्यांत राहिली पाहिजे.

कित्येक भाषांतरकारांस एवढ्यानें समाधान होत नाहीं. चित्राच्या बदल्यांत चित्रच पाहिजे असा त्यांचा हट्ट असतो. रशियन भाषा म्हणींनीं इतकी संपन्न आहे कीं, मोह होणें साहजिकच आहे. वाऱ्याच्या दिशेला नाक धरणें, 'नोस पो व्येत्रु', असा एक प्रयोग तेथें सर्वांच्या तोंडीं आहे. शिकारी कुत्रा जसा वाऱ्यावर वास घेतो तसा जो मनुष्य परिस्थितीचा वास घेत असतो, त्यास उद्देशून हें बोलणें आहे. आपल्याकडे 'वारा पाहून पाठ द्यावी' असें म्हणतात. वारा तोच, पण रशियन मनुष्य त्यापुढें नाक करितो आणि मराठी मनुष्य पाठ, हा भेद आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. असो. अडचण अशी कीं, वाऱ्यावर नाक धरणें हा मनुष्याचा कायमचा स्वभाव झाला, आणि बँडवॅगनवर चढणें ही एका दिवसाची कृति. एकदां उशिरां वर्गणी देणाऱ्यास जन्माचा संधिसाधु ठरविणें न्यायाचें नव्हे. दुसरी एक म्हण अशी आहे कीं, लांडग्यांत राहावयाचें तर लांडग्यांप्रमाणें ओरडावें लागतें. तींत नाइलाज आहे, भीति आहे. व्यापाऱ्यांस कसली भीति?

सर्वांत फसवें चित्र आगगाडीचें आहे. सुटलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यांत उडी मारणें, असा रशियन प्रयोग आहे. यांत उडी आहे, चालती गाडी आहे, आणि डब्यास 'वागोन' हाच शब्द आहे! नवशिक्या भाषांतरकार तर आनंदानें टाळीच पिटील. परंतु रशियन वाचक या वाक्यांत निंदा ऐकत नाहीं. तो म्हणतो, बिचाऱ्याला उशीर झाला होता, पण थोडक्यांत साधलें. त्या गाडींत मनुष्य मुक्कामास पोंचण्यासाठीं चढतो. बँडवॅगनवर तो लोकांस दिसावें म्हणून चढतो. दोन्ही वाक्यांत उडी तीच असली तरी चढणाऱ्याची गरज निराळी आहे.

हा भेद मराठी वाचकास लवकर पटावा, कारण आपल्या भाषेंतही गाडी आहेच. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आमच्या वाचकांनीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकली असेल. गाडी यात्रेला निघाली म्हणजे तिला बांधलेल्या वंगणाच्या नळ्यालाही यात्रा घडते. पण त्या नळ्यानें कांहीं ढोंग केलेलें नाहीं. त्याला कोणी बँडवॅगनवर चढला असें म्हणणार नाहीं. 'वाहत्या गंगेंत हात धुवून घेणें' हा प्रयोग पुष्कळ जवळ येतो, कारण त्यांत प्रवाह दुसऱ्याचा आणि लाभ आपला आहे. आणि जत्रेंत हौसे, नवसे व गवसे असे तीन प्रकारचे लोक येतात असें जें आपण म्हणतों, तें तर भाषांतरकारानें भिंतीवर लिहून ठेवावें. इंग्रजीतलें बँडवॅगन पाहिलें कीं त्यानें प्रथम विचारावें, लेखकाच्या मनांत यांपैकीं कोण आहे?

कारण पुष्कळदां लेखकाच्या मनांत हौशीच असतो. इंग्रज मनुष्य स्वतःविषयींही म्हणतो कीं, सगळे सायकली घेऊं लागले तेव्हां मींही बँडवॅगनवर चढलों आणि एक घेतली. येथें 'प्रिमाझात्सा' घातलें तर तो मनुष्य स्वतःस निलाजरा म्हणतो असें होईल. अशा ठिकाणीं रशियन भाषेंत एक फार गोड, छोटा प्रयोग आहे: 'इ या तुदा झे', म्हणजे 'आणि मीही तिकडेच'. त्यांत क्रियापद मुळींच नाहीं. गेलों, धांवलों, चढलों, कांहींच नाहीं. रशियन बोलण्यांत अशीं क्रियापदें सहज गळतात. हेंच दुसऱ्यास उद्देशून 'इ ती तुदा झे' असें म्हटलें म्हणजे 'तूंही त्यांतलाच ना!' असा त्याचा सूर होतो. गाडीवरच्या सोन्याचा एक कणही येथें उरला नाहीं, तथापि तें ओठांवरचें किंचित् हसूं जसेंच्या तसें आलें आहे. इतकें चांगलें भाषांतर कोशांत शोधून सांपडत नाहीं. तें माणसांच्या बोलण्यांत ऐकावें लागतें.

सामील होणाऱ्याचें मनापासून स्वागत करावयाचें असेल तर त्यालाही रशियन भाषेंत निराळे शब्द आहेत: 'नाशेवो पोल्कू प्रीबिलो', 'आमच्या पलटणींत भर पडली'. हे शब्द शिपायांचे वाटतात, परंतु ते एका खेळांतले आहेत. खेड्यांतील मुलामुलींच्या दोन रांगा एकमेकींसमोर हात धरून उभ्या राहतात, आणि गात गात पुढें येतात व मागें जातात. एक रांग म्हणते, आम्हीं वरीच्या जातीचें धान्य पेरलें. दुसरी म्हणते, आम्ही तें घोड्यांकडून तुडवूं. पहिली घोडे धरून ठेवण्याची धमकी देते. दुसरी ते सोडविण्यास पैसे देऊं करिते. पैसे नको असतात. शेवटीं एक मुलगी मागितली जाते, आणि ती हात सोडून पलीकडे जाते. मग एका रांगेचें माणूस कमी होतें व दुसरीचें वाढतें, आणि त्याचाच हा उद्गार. रिम्स्की-कोर्साकोव्ह यानें 'स्नेगूरोच्का' या आपल्या संगीत नाटकाच्या शेवटच्या अंकांत हा खेळ घातला आहे. तें नाटक १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. 'पोल्क' याचा आजचा अर्थ पलटण असला तरी जुना अर्थ लोकांचा जमाव असा होता. आणि इंग्रजींतील 'फोक', म्हणजे लोक, हा शब्द त्याचा सख्खा भाऊ आहे. इंग्रजींत एखाद्यानें 'मी गणितांत नापास झालों' असें रडत सांगितलें असतां मित्र जें 'जॉइन द क्लब' म्हणतो, तें क्लबांत येण्याचें आमंत्रण नसून 'आम्हीही तुझ्याच रांगेंतले' असें सांत्वन असतें. तेथें ही पलटण छान बसते. बँडवॅगनसाठीं मात्र ती चालणार नाहीं. मनापासून आलेल्या व मनापासून घेतलेल्या माणसाचा तो शब्द आहे.

शास्त्रीय ग्रंथांत गोष्ट निराळी. १९५० सालीं हार्वे लायबेन्स्टाइन यानें अर्थशास्त्रावरील एका प्रसिद्ध निबंधांत 'बँडवॅगन इफेक्ट' असें नांव योजिलें: इतर लोक एखादी वस्तु घेतात एवढ्याचसाठीं आपणही ती घ्यावी असें मनुष्यास वाटतें, तो परिणाम. रशियन ग्रंथकारांनीं त्यास 'बहुमतास मिळण्याचा परिणाम' असें सरळ नांव दिलें. बहुमत या अर्थाचा त्यांचा शब्द 'बोल्शिन्स्त्वो'. १९०३ सालच्या पक्षसभेनंतर 'बोल्शेविक' हें नांव निघालें तें यांतूनच. शास्त्रास कोणाची निंदा करावयाची नसते. म्हणून हें रंगहीन भाषांतर तेथें उत्तम शोभतें.

परंतु राजकारणांत हाच रंगहीनपणा केवढा घोटाळा करूं शकतो, याचें एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करूं. १९५७ च्या जून महिन्यांत सोव्हिएट रशियाच्या सत्ताधारी पक्षाच्या श्रेष्ठ मंडळांत निकिता ख्रुश्चेव्ह यास काढावें असें बहुमत झालें. पाठोपाठ पक्षाची मोठी मध्यवर्ती समिति भरली आणि तिनें सारा डाव उलटविला. जे हरले त्यांचा धिक्कार करितांना मालेन्कोव्ह, कागानोविच व मोलोटोव्ह या तिघांचीं नांवें घेऊन पुढें 'आणि त्यांस जाऊन मिळालेला शेपिलोव्ह' असे शब्द जोडण्यांत आले. दिमित्री शेपिलोव्ह हा आदल्या वर्षीं देशाचा परराष्ट्रमंत्री झालेला विद्वान् गृहस्थ. हें वाक्य वर्तमानपत्रांत व आकाशवाणीवर इतक्या वेळां आलें कीं, 'आणि-त्यांस-जाऊन-मिळालेला-शेपिलोव्ह' हें रशियांतील सर्वांत लांब आडनांव आहे, अशी थट्टा लोक करूं लागले.

त्या वाक्यांतलें क्रियापद होतें 'प्रिम्क्नूत्'. समजा, एखाद्या इंग्रजी वार्ताहरानें त्याचें भाषांतर 'शेपिलोव्ह बँडवॅगनवर चढला' असें केलें असतें, तर? श्रेष्ठ मंडळांत त्या घटकेस सरशी त्याच बाजूची दिसत होती, तेव्हां तें वाक्य वरवर पाहतां खोटेंही वाटलें नसतें. पण तो आपल्या मताप्रमाणें गेला कीं जिंकणारी गाडी पाहून गेला, हा जो खरा वादाचा प्रश्न, त्याचा निकाल त्या एका शब्दानें लावून टाकला असता. रशियन क्रियापद तो प्रश्न उघडा ठेवतें. स्वतः शेपिलोव्हला तर आपण 'मिळालों' हेंही मान्य नव्हतें. तो १९९५ सालीं वारला, आणि त्याच्या आठवणी २००१ सालीं रशियन भाषेंत पुस्तकरूपानें निघाल्या. त्या पुस्तकाचें नांव एकाच शब्दाचें आहे, 'नेप्रिम्क्नूव्शी', म्हणजे 'जाऊन न मिळालेला'. जुनी थट्टा ज्यास ठाऊक आहे त्यास त्या नकारांत चाळीसपन्नास वर्षांचा सल ऐकूं येतो. २००७ सालीं त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. त्याच्या मुखपृष्ठावर हा शब्द नाहीं. तेथें पुस्तकास 'क्रेमलिनचा पंडित' अशा अर्थाचें अगदीं निराळें नांव दिलेलें आहे.